वाळ्याला पैकीच्या पैकी, करंजाला भोपळा

आमचं दीड एकर वावर खाप्याजवळ, कन्हानच्या थडीला. रेतीवाल्यांचे ट्रक बंद होऊन दोन वर्षं झाली, पण जाताना काठ पोखरून गेले. ट्रकच्या वाटेची जमीन दबून विटेसारखी झालेली, उतारावर नुसती भसभशीत रेती. दर पावसाळ्यात धुऱ्याचा एक घास नदीच्या पोटात. तिथं बेशरमीची झुडपंसुद्धा धड लागत नव्हती, आता बोला!

काठ धरून ठेवायला सावनेर रोडवरच्या एका नर्सरीतून जूनमध्ये वाळ्याचे, म्हणजे खस गवताचे, हजार ठोंब घेतले, चार रुपयाला एक. नागपूरकरांचा वाळा कूलरच्या ताटीत संपतो, माझाही तिथंच संपायचा. मालकानं आधी काठाचे फोटो मागितले आणि मग फोनवर शिकवणीच घेतली. ओळी उताराला आडव्या धरा काका, दोन ठोंबांत सहा इंच ठेवा, बुडं शेणकाल्यात बुडवून लावा. हा वाण बी धरत नाही, तेव्हा वावरात घुसायची भीती नाही. मुळं पसरत नाहीत, सरळ खाली दहा-दहा फूट जातात.

रेतीत ना ओल टिकते ना कस, म्हणून पन्नास मीटरच्या तीन चरांत तलावाचा गाळ आणि शेणखत भरलं. ही अक्कल माझी नाही. आमच्या शेजारीच गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगांवर नीरीवाल्यांनी (नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था) प्रेसमड, म्हणजे साखर कारखान्याची मळी, आणि जिवाणू खतं घालून झाडं जगवली होती.

आता तक्रार. ठोंब सकाळी निघणार होते, पिकअप आली दुपारी तीनला, वर ताडपत्री नाही. बुडाला नख लावून एकेक पाहिला. आत हिरवं दिसलं तो ठेवला, पिवळा तुसासारखा निघाला तो बाजूला. दीडशे बाजूला गेले. बदलून साठच मिळाले, तेही चार फोन केल्यावर.

सोबत करंजाची चाळीस रोपं घेतली ती चूकच झाली. पिशवी फाडली तर मुळं तळाशी चकलीसारखी गुंडाळलेली. किती दिवस पिशवीत पडून होती देव जाणे. दिवाळीपर्यंत अकरा उरली. त्यापेक्षा काठावर आपोआप उगवलेली निर्गुडी बरी, फुकटची आणि तरतरीत.

ऑगस्टच्या पुरात खालची ओळ दोन दिवस पाण्याखाली होती. पाणी उतरल्यावर पाहिलं, पाती गाळात लोळलेली, पण ठोंब जागचे हलले नव्हते आणि त्यांच्यामागं चार बोटं गाळ साचलेला. बाजूच्या मोकळ्या काठाचा मात्र खाटेएवढा तुकडा गेला.

नर्सरीला पाचपैकी साडेतीन. वाळा जरूर घ्या, झाडांची रोपं दुसरीकडून आणा. त्या मोकळ्या काठासाठी पाचशे ठोंब मी सांगून ठेवलेत. पैसे मात्र गाडी सकाळी नऊच्या आत आली तरच.