गाडी लो करताय? स्प्रिंगा घरी बदलायच्या की गॅरेजला टाकायच्या

यंदा दिवाळीला मावसभाऊ कोरेगावहून स्विफ्ट घेऊन घरी आला. डिकी उघडली तर आत खोक्यात गाडी लो करायला, म्हणजे तिची उंची कमी करायला, आणलेल्या लाल रंगाच्या चार नव्या स्प्रिंगा. म्हणाला, “दादा, आपण घरीच बसवूया की. गॅरेजवाला नुसत्या मजुरीचे साडेतीन हजार मागतोय.”

मी हे काम दोन्ही तऱ्हांनी करून पाहिलं आहे. जुन्या गाडीच्या चारही स्प्रिंगा साताऱ्यात गोडोलीतल्या आमच्या पोर्चमध्ये स्वतःच्या हाताने बदलल्या, आणि नंतरची गाडी गॅरेजला टाकली. दोन्हीकडे बरंच काही नीट झालं, आणि दोन्हीकडे चुकाही झाल्या. त्याला जे उत्तर दिलं तेच इथे सविस्तर लिहितो. मागच्या दोन स्प्रिंगा घरी बदला, पुढच्या दोन गॅरेजकडून बदलून घ्या. सगळं काम एकाच जागी झालं पाहिजे असं कुठे आहे?

पण त्याआधी गाडी किती खाली घ्यायची ते ठरवा. २०१८ च्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर, १६३ मिलिमीटर, तोही रिकाम्या गाडीचा. ३५ मिलिमीटर खाली घेतली की उरले १२८. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे स्पीडब्रेकर १०० मिलिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे कागदावर गाडी निघते. आपल्याकडे गावोगावी रातोरात उभे राहिलेले स्पीडब्रेकर कुठल्या मानकात बसतात ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यात मागे दोन माणसं आणि डिकीत सामान असलं की गाडी आणखी बसते. कोरेगाव-रहिमतपूर पट्ट्यात उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्याला चाकोऱ्या पडतात आणि मधला उंचवटा थेट गाडीच्या पोटाला लागतो. म्हणून साताऱ्यात रोज फिरणाऱ्या गाडीला माझ्या मते २५ ते ३० मिलिमीटर पुष्कळ झाले. त्याच्या पुढे गेलात तर पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट चढताना प्रत्येक खड्ड्याला जीव खालीवर होतो.

आणि “नवीन कशाला, आहे तीच स्प्रिंग कापून देतो, पाचशे रुपये द्या” असं म्हणणाऱ्याकडे अजिबात जाऊ नका. स्प्रिंगचे वेढे कमी केले की ती तेवढी कडक होते, पण किती कडक हे कोणी मोजून ठरवलेलं नसतं. गॅसने कापली तर त्या उष्णतेने पोलादाचा कस जातो. शिवाय टोकाचा घडवलेला वेढा जातो, त्यामुळे ती आपल्या बैठकीत नीट बसत नाही. चाक खड्ड्यात लोंबकळलं की स्प्रिंग सैल होते आणि परत येताना वाकडी बसते. ही तडजोड पैसे वाचवण्यासाठीसुद्धा करू नका. चांगल्या कंपनीचा सेट परवडत नसेल तर मूळ स्प्रिंगा राहू द्या.

आता मागचं काम घरी का जमतं ते सांगतो. स्विफ्ट, आय-ट्वेंटी, पोलो अशा बहुतेक हॅचबॅकना मागे टॉर्शन बीम, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा, असतो. त्यात स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. पुढची चाकं ओट लावून अडवायची, गाडी जॅकने उचलून बॉडीखाली जॅक स्टँड लावायचे, मग जॅक बीमखाली घेऊन त्याचा भार तोलायचा. शॉकअपचे खालचे बोल्ट काढले की जॅक हळूहळू सोडायचा. बीम खाली येतो आणि स्प्रिंग चक्क हातात येते, दाबावी लागत नाही. ब्रेकचा होज (नळी) आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, तेवढं बघत राहायचं. जुन्या स्प्रिंगखालचं रबर झिजलं नसेल तर पुसून परत वापरायचं. आम्हाला दोघांना चहासकट अडीच तास लागले.

अट एकच, जागा सपाट आणि टणक हवी. किल्ल्याच्या पायथ्याकडच्या पेठांमध्ये उतार नसलेला रस्ता शोधणं हेच अर्धं काम आहे. उतारावर किंवा मातीच्या अंगणात जॅक स्टँडवर गाडी चढवू नका, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर हातही घालू नका. घरी फरशी नसेल तर विचारच नको, चारही स्प्रिंगा गॅरेजला द्या.

पुढचं प्रकरण मात्र निराळं आहे. तिथे स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असते, वरून माउंटिंग आणि बेअरिंग, आणि सगळं एका सेंटर नटने धरून ठेवलेलं. हजार किलोच्या आतबाहेरच्या गाडीत पुढच्या प्रत्येक चाकावर अडीचशे-तीनशे किलो भार येतो. तो पेलणारी स्प्रिंग शॉकअपवर दाबलेल्या अवस्थेत अडकलेली असते. ती आधी आणखी दाबून मगच सेंटर नट सोडायचा. न दाबता नट सोडला तर माउंटिंग तोफेच्या गोळ्यासारखं उडतं.

घरच्या कामासाठी बाजारात दोन आकड्यांचा, म्हणजे हुकांचा, स्प्रिंग कंप्रेसर (स्प्रिंग दाबायचं हत्यार) मिळतो. आकडे स्प्रिंगवर समोरासमोर लावायचे आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने, दोन-दोन फेरे करत आवळायचे. मी ते केलं आहे. डाव्या बाजूची स्प्रिंग दाबत होतो आणि जवळपास काम होत आलं होतं, तेवढ्यात एक आकडा वेढ्यावरून बोटभर सरकला. आवाज झाला नाही, नुसतं स्प्रिंगचं पोट एका बाजूला फुगलेलं दिसलं. वेढ्याला ग्रीस लागलेलं होतं, ते पुसायचं राहिलं होतं. दोन्ही बोल्ट उलटे फिरवून सगळं सैल केलं, आकडे आणि वेढे रॉकेलने पुसले, कोरड्या फडक्याने घासले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. शेजारच्या गल्लीतले एक म्हातारे मिस्त्री तेव्हा बघत उभे होते. म्हणाले, “पोरा, तिच्या तोंडाम्होरं उभा राहू नगंस.” तोपर्यंत मी नेमका तिथेच वाकून बसलो होतो.

त्या दिवशी आणखी एक चूक झाली आणि ती दुसऱ्या दिवशी कळली. स्टिअरिंग जागेवर वळवलं की डावीकडून ‘टण्ण’ असा आवाज यायचा. स्प्रिंगचं खालचं टोक बैठकीतल्या खाचेला टेकलेलं नव्हतं, बोटभर अलीकडेच थांबलं होतं. दर वळणाला ती थोडी फिरायची आणि सुटायची. एवढ्याशा चुकीसाठी डावा शॉकअप पुन्हा उतरवावा लागला आणि तो कंप्रेसर पुन्हा लावावा लागला.

गॅरेजमध्ये याच कामाला भिंतीला किंवा स्टँडला पक्का बसवलेला कंप्रेसर असतो. तो स्प्रिंग सरळ, सारखी दाबतो आणि माणूस बाजूला उभा राहतो. एका शॉकअपला दहा-पंधरा मिनिटं. मजुरीचे पैसे खरे तेवढ्या मिनिटांचे आहेत आणि ते द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी टाकण्याआधी तो कंप्रेसर मात्र डोळ्याने बघा. गॅरेजवालाही तेच दोन आकडे वापरत असेल तर त्याला जास्त पैसे कशासाठी द्यायचे?

गॅरेजमध्ये सगळं आपोआप नीट होतं असंही नाही. माझ्या दुसऱ्या गाडीचं काम एका गॅरेजने तीन तासांत उरकून दिलं. पण घाईत सेंटर नटवर हवेची गन चालवली. गनने नटाबरोबर शॉकअपचा दांडाही गरागरा फिरतो आणि आतल्या सीलला मार बसतो. महिन्याभरात एका शॉकअपवर तेल दिसायला लागलं. दुसरं म्हणजे मागच्या शॉकअपचे खालचे बोल्ट गाडी लिफ्टवर असतानाच पूर्ण आवळून टाकले. तिथे रबरी बुश असतो. चाक लोंबकळताना तो आवळला की गाडी खाली आल्यावर कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. गाडी चाकांवर उभी करून, तिचा पूर्ण भार आल्यावरच शेवटचं आवळायचं असतं. घरी काम करताना मी हे न चुकता केलं होतं, कारण मला घाई नव्हती. घरच्या कामाचा हा खरा फायदा आहे.

म्हणून गॅरेजला गाडी देताना तिथेच थांबा आणि तीन गोष्टी आधीच बोलून घ्या. सेंटर नटला दांडा ॲलन-कीने धरून पाना लावायचा, गन नाही. बुशचे बोल्ट गाडी खाली उतरवल्यावर आवळायचे. आणि नव्या स्प्रिंगांच्या कंपनीने बंप स्टॉपर (शॉकअप पूर्ण दबला की टेकतो तो रबरी ठोकळा) कापायला किंवा बदलायला सांगितलं असेल तर ते करायचं. चांगल्या मिस्त्रीला या बोलण्याचा राग येत नाही.

मधला एक मार्गही आहे. शॉकअप घरी उतरवायचा, दुचाकीवर घालून गॅरेजला न्यायचा, तिथे स्प्रिंग बदलून घ्यायची आणि घरी येऊन बसवायचा. स्विफ्टचा शॉकअप खाली नकलला (चाक धरणाऱ्या लोखंडी भागाला) दोन बोल्टांनी धरलेला असतो. लिंक रॉड, ब्रेक होजची क्लिप आणि एबीएसची वायर सोडवली, ते दोन बोल्ट काढले आणि बॉनेटखालचे वरचे नट काढले की तो बाहेर येतो. सोडण्याआधी बोल्टांची जागा खुणेने आखून ठेवा. पोलोत मात्र शॉकअप नकलच्या कवेत घट्ट बसलेला असतो आणि ती कव फाकवायला वेगळं हत्यार लागतं. ते नसताना छिन्नी-हातोडीने मारामारी करणारे मी पाहिले आहेत. पोलो असेल तर पुढचं काम गॅरेजचंच.

खर्चाचं म्हणाल तर घरी करून फार काही वाचत नाही. जॅक स्टँडची जोडी, कंप्रेसर आणि टॉर्क रेंच (बोल्ट मोजून आवळायचा पाना) पहिल्यांदा विकत घ्यायचे झाले तर मजुरीपेक्षा जास्तच पैसे जातात. हत्यारं पुढेही वापरणार असाल तर गोष्ट वेगळी. व्हील अलाइनमेंट दोन्हीकडे करावंच लागतं, कारण गाडी खाली आली की टो आणि कॅम्बर, म्हणजे चाकांची दिशा आणि आत-बाहेर झुकाव, दोन्ही बदलतात. ते न करता खंबाटकी घाट ओलांडून पुण्याच्या दोन-चार फेऱ्या झाल्या की पुढच्या टायरची आतली कड झिजलेली दिसते, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते कळतही नाही. गाडी ६०-७० हजार किलोमीटर चालली असेल तर शॉकअप आणि माउंटिंगही याच वेळी बदला. उघडण्याची मजुरी एकच लागते, आणि थकलेल्या शॉकअपवर कडक स्प्रिंग चढवली तर गाडी नुसती उड्या मारते. हेडलाइटचा झोतही तपासून घ्या.

कायद्याचं एक सांगायलाच हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर बंधन घालतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला कलम १८२ अ खाली पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि ती जबाबदारी मालकाची असते. गॅरेजचं बिल हातात आहे म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. साताऱ्याच्या आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी लेखी विचारा. मूळ स्प्रिंगा आणि त्यांची रबरं जपून ठेवा.

मावसभावाला मी आधी या दोन ठिकाणी पाठवलं. तिथली उत्तरं हातात आल्यावर मग रविवारी दोघांनी मागचं काम काढलं. सुरू करण्याआधी चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेप लावली, ३७.५ सेंटिमीटर भरलं. ते पोर्चच्या भिंतीवर खडूने लिहिलं. काम झाल्यावर गाडी गल्लीत दोन फेऱ्या मारून आणली आणि परत मोजलं. डावीकडे ३४.९, उजवीकडे ३४.८. सोमवारी पुढचं काम गॅरेजमध्ये झालं, तो तिथे शेवटपर्यंत उभा होता, आणि संध्याकाळी अलाइनमेंट करून आला. नव्या स्प्रिंगा अजून थोड्या बसतील, म्हणून पाचशे किलोमीटर झाले की त्याला परत बोलावलं आहे. भिंतीवरचे आकडे तोवर पुसायचे नाहीत असं घरात सांगून ठेवलं आहे.