गाडी मधेच डेड होते? आधी उद्यमनगरातल्या या काकांना दाखवा, मग बॅटरी बदला

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एक ऑटो इलेक्ट्रिशियन काका आहेत, गाळा छोटा, दोन गाड्या कशाबशा उभ्या राहतात. नाव लिहीत नाही कारण त्यांनीच सांगितलंय की कुठं लिहू नका, आत्ताच कामं आवरंनात. पण उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याला विचारा, जुन्या जीप आणि जिप्सीचं वायरिंग करणारे काका कुठं बसतात, तो हात करून दाखवेल. दोन ठिकाणी पैसे घालवून झाल्यावर मी यांच्याकडं पोचलो, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कुणाचे तरी वाचतील.

गाडी माझी मारुतीची जिप्सी किंग, २००३ ची, एमपीएफआय म्हणजे पेट्रोल इंजेक्शनची, ८० बीएचपीवाली. गगनबावडा, दाजीपूर, राधानगरी असं पावसाळ्यात फिरणं असतं. माझ्या आधीच्या मालकानं तिला लाईट बार, मोठा हॉर्न, गोल फॉग लॅम्प असलं बरंच काय काय लावून घेतलेलं, आणि दोन वर्षांपूर्वी मी पूर्ण डेंटिंग पेंटिंग करून घेतलं. या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत.

त्रास असा, गाडी चालता चालता एकदम सगळं जायचं. मिसिंग नाही, झटके नाहीत, बटण दाबून बंद केल्यासारखं, मीटरचे लाईट गेले, हेडलाईट गेली, वायपर जागच्या जागी थांबला, इंजिन बंद. पहिल्यांदा झालं ते जुलैमध्ये, गगनबावड्याच्या घाटात रात्री साडेनऊला, धुकं आणि पाऊस, बायको आणि मुलगी मागच्या सीटवर. हेडलाईट गेल्यावर घाटात पुढचं काहीच दिसत नाही हो, खरंच काहीच नाही, काच काळी. इंजिन बंद म्हणजे ब्रेकचा व्हॅक्यूम पण एक दोनदा दाबलं की संपतो, मग पेडल दगडासारखं कडक. कशीबशी डोंगराच्या बाजूला लावली, मोबाईलचा टॉर्च मागं धरून उभा राहिलो. आणि सात आठ मिनिटांनी चावी फिरवली तर काही झालंच नाही अशी चालू! त्यानंतर महिनाभर काही नाही, मग एकाच आठवड्यात तीनदा. दिवसा गावात फिरवली तर कधीच नाही.

पहिल्या गॅरेजनं बॅटरी बदलली, ५,८०० रुपये. चार दिवसांनी परत बंद. दुसऱ्यानं अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करतो तो) काढून बेअरिंग, ब्रश, रेग्युलेटर सगळं नवीन घातलं, ४,२००, वर मेन रिले (जास्त करंट चालू-बंद करणारा स्वीच) आणि चावीचा इग्निशन स्वीच. परत बंद. दोघांनीही व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर लावून बघितलं होतं बरं का, माझ्या समोर, फ्युज बॉक्सला १२.४ व्होल्ट येत होता आणि दोघंही म्हणाले सप्लाय ओके आहे. मला पण पटलं, आकडा समोर दिसतोय म्हटल्यावर कोण काय बोलणार.

काकांकडं गेलो तेव्हा त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. चहा मागवला आणि विचारायला बसले. "गाडी बंद पडती तवा काय काय जातंय आन् काय काय ऱ्हातंय त्ये सांगा आधी." मी म्हटलं सगळंच जातं. "सगळं म्हंजे? हॅझार्ड लावून बघितलासा? ब्रेक लाईट लागती का मागं?" माझ्या बायकोनं सांगितलं की नाही, मागं काहीच लागत नव्हतं, तिनं बघितलं होतं. बास, त्यावर काकांनी मान डोलावली. मला नंतर समजावून सांगितलं. बहुतेक जुन्या गाड्यांत हॅझार्ड आणि ब्रेक लाईट चावी न लावता पण चालतात, म्हणजे त्या चालू राहिल्या आणि बाकी सगळं गेलं तर संशय इग्निशन स्वीच, त्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) किंवा रिलेवर. पण त्या पण गेल्या म्हणजे फॉल्ट त्याच्या अलीकडं, बॅटरीचे टर्मिनल, फ्युजिबल लिंक (बॅटरीजवळचा मोठा फ्युज), मेन वायर नाहीतर अर्थिंग (बॅटरीच्या मायनसची बॉडीला जोडणी). एका प्रश्नात निम्मी गाडी बाजूला काढली त्यांनी. माझा बदललेला स्वीच म्हणजे विनाकारणच गेला.

मग विचारलं कधी बंद पडते. रात्री, पावसात, घाटात. "म्हंजे लोडवर," एवढंच म्हणाले आणि उठले. लोडवर म्हणजे लाईटी, वायपर सगळं चालू, करंट जास्त खेचला जातो तेव्हा.

आता यांची पद्धत सांगतो, कारण रिव्ह्यू लिहायचं खरं कारण हेच आहे. त्यांच्याकडं भारीतलं मशीन काही नाही, एक साधा मल्टीमीटर आणि एक इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डरला दोन लांब वायरी आणि क्लिपा लावलेला. बारीक एलईडीचा टेस्टर ते वापरतच नाहीत, म्हणतात त्यो लावला की मेलेली वायर पण जिवंत दिसती. कारण असं, मीटर किंवा एलईडी करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळं वायरच्या आतली एक तार जरी शिल्लक असली तरी मीटरवर १२ व्होल्ट पूर्ण दिसणार. शेतातल्या पाईपाची तोटी बंद असली की प्रेशर फुल दिसतं, उघडली की धार करंगळीएवढी, तसं. आधीच्या दोघांनी सगळं बंद ठेवून मोजलं होतं. काकांनी सगळं चालू करून मोजलं.

इंजिन चालू, हेडलाईट अप्पर, ब्लोअर फुल, वायपर चालू, लाईट बार पण चालू. मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसला, आणि काळी पिन मायनसला नाही तर फ्युज बॉक्समध्ये जिथं मेन वायर येते तिथं. म्हणजे त्या एवढ्याशा वायरमध्ये किती व्होल्ट खाल्ला जातोय ते थेट दिसतं. काका म्हणाले इथं पॉईंट दोन, पॉईंट तीनच्या वर जायला नको. सुरवातीला ०.५ दाखवत होतं. आम्ही नुसते उभे राहिलो. पाच मिनिटांनी १.४. दहा मिनिटांनी ३.१. बॅटरीला १३.९ आणि फ्युज बॉक्सला १०.८! हेडलाईट डोळ्यासमोर पिवळट होत गेली, आणि मी हा आकडा वर चढताना बघत उभा होतो, तीन महिन्यांत पहिल्यांदा मला तो फॉल्ट दिसला. मग त्यांनी हळूच वायरिंग किट (वायरींचा जुडगा) हातानं चाचपत नेलं, बॅटरीच्या बाजूनं आतल्या मडगार्डला एक पट्टी आहे तिथपर्यंत आले, जरासं वाकवलं, आणि भप्प, सगळं गेलं. सोडलं, आलं.

तिथली टेप सोलली. आत आधीच्या मालकाच्या लाईट बारची वायर मेन वायरला नुसती पिळून जोडलेली, सोल्डर नाही, थिंबल (वायरच्या टोकाला दाबायची धातूची कडी) नाही, वर चिकटटेप, ती पण उन्हानं सुटून चिकट झालेली. तिथून पाणी आत गेलेलं. ब्लेडनं इन्सुलेशन चिरलं तर तांबं नव्हतंच, देवघरातल्या न घासलेल्या तांब्याला धरते तशी हिरवी पूड, बोटानं गळून पडली. चांगल्या तारा किती राहिल्या होत्या माहीत आहे? मोजल्या आम्ही, चार. बाहेरून वायर अगदी नव्यासारखी, फक्त थोडी फुगलेली. काकांनी हिशोबही सांगितला, १८ अँपिअरच्या आसपास करंट आणि ३ व्होल्ट ड्रॉप (वाटेत खाल्लेला व्होल्ट) म्हणजे ५० वॅटच्या वर उष्णता त्या एका बोटभर जागेत, सोल्डरिंगचं आयर्न आत ठेवल्यासारखं. तापलं की तारा सुटायच्या, गाडी बंद, आणि थंड झालं की परत टेकायच्या. म्हणून सात आठ मिनिटं. म्हणून दिवसा कधीच नाही.

माझ्या मते इथं दुसरा कुणी असता तर वायर जोडून पैसे घेऊन मोकळा झाला असता. काकांनी वायर जोडायच्या आधीच अर्थिंग पण मोजलं, बॅटरीच्या मायनसपासून बॉडीपर्यंत, लोडवर, आणि तिथं पण ०.८ ड्रॉप! बोल्ट काढला तर थिंबलच्या खाली माझ्याच पेंटिंगचा हिरवा रंग, गुळगुळीत. पेंटरनं बोल्ट काढून खाली रंग मारून परत बसवलेला. लाईटी, वायपर असल्या बहुतेक गोष्टींचा करंट बॉडीतूनच परत जातो आणि रंगातून कसा जाणार. इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा त्याच्या तालावर हलायचा ना, ते मी वर्षभर बघत होतो, मला वाटायचं जुनी गाडी आहे. पॉलिश पेपरनं चकचकीत घासून, वर ग्रीस लावून बोल्ट बसवला, ड्रॉप ०.०५. काटा स्थिर.

मेन वायरचा काळा हिरवा भाग लाल तांबं दिसेपर्यंत कापत गेले, वीतभर गेला, त्याच जाडीची नवीन वायर, दाबून, सोल्डर करून, वर स्लीव्ह गरम करून बसवली आणि पट्टीच्या धारेवर रबर घातला. लाईट बारला बॅटरीवरून स्वतंत्र रिले आणि बॅटरीपाशीच फ्युज. परत सगळं लावून अर्धा तास उभी, ड्रॉप ०.१५ च्या वर गेला नाही, ते मला स्वतः बघायला लावलं.

बिल २,१०० रुपये, रिले आणि वायर धरून. त्यानंतर आठ महिने झाले, घाटात अकरा फेऱ्या, एकदाही नाही.

तक्रारी पण सांगतो. वेळ लागतो, माझी गाडी दोन दिवस होती आणि पहिला दिवस नुसता नंबर लागण्यात गेला. फोन फारसा उचलत नाहीत. छापील बिल मिळत नाही, वहीवर लिहून देतात. नवीन गाड्यांचं स्कॅनिंग करत नाहीत, स्पष्ट सांगतात. पार्किंगचा फार त्रास, मोठी पिकअप असेल तर सकाळी नऊच्या आत जा. सोमवारी बंद. आणि एक, गाडी धुवून, रात्रभर थंड करून नेऊ नका, लांबून चालवत, लाईटी लावून, गरम अशी थेट दारात न्या, म्हणजे ते फॉल्ट असतानाच पकडतील.