क्रिस्टलडिस्कइन्फो: व्हायरसवर आळ घेण्याआधी हे चालवा

घरचा कम्प्युटर सुरू व्हायला दहा-दहा मिनिटं घेऊ लागला, फोल्डर उघडताना विंडो पांढरी पडून तशीच थांबू लागली, की पहिला आळ येतो व्हायरसवर. कोणीतरी सांगतं, रात्री फुल स्कॅन लावून झोप. डिस्क खरंच बिघडत असेल तर याच सल्ल्याने घात होतो. फुल स्कॅन एकूण एक फाइल वाचतो. ज्या जागा वाचता येत नाहीत तिथे डिस्क पुन्हा पुन्हा धडपडत राहते, आणि सकाळी ती विंडोजला दिसेनाशी झालेली असू शकते. आधी डिस्कची तब्येत, मग डेटा, मग व्हायरस, हा क्रम सोडू नये. पहिल्या पायरीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फोइतकं सुटसुटीत साधन विंडोजवर दुसरं नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हा जपानी प्रोग्रॅम मोफत आणि ओपन सोर्स आहे. स्टँडर्ड एडिशनची झिप फाइल घ्या, इन्स्टॉलर नको. दुसऱ्या कम्प्युटरवर उतरवून ती पेनड्राइव्हवर उघडायची आणि तिथूनच चालवायची, म्हणजे आजारी डिस्कवर नवीन काही लिहिलं जात नाही. कार्टून मुलींची चित्रं असलेल्या आवृत्त्याही आहेत. आतलं काम तेच.

उघडताच डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती, म्हणजे ‘स्मार्ट’ची माहिती समोर येते. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, खालचा तक्ता वाचा. सुरुवातीला हे आकडे हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजणाऱ्या पद्धतीत दिसतात, त्यामुळे शेवटी १० लिहिलेलं असेल तर ते खरं १६ असतं. फंक्शन मेनूतल्या अ‍ॅडव्हान्स्ड फीचरमध्ये रॉ व्हॅल्यूज आहे, तिथे १० डेक निवडलं की नेहमीचे आकडे दिसतात.

चार ओळी महत्त्वाच्या. ०५ म्हणजे खराब ठरलेले आणि राखीव जागेत हलवलेले सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचे डिस्कवरचे छोटे कप्पे. हा आकडा ८ असेल आणि महिनोन्‌महिने ८च राहत असेल, तर डिस्क दुय्यम कामाला चालेल. आठवड्याभरात ८चे ४० झाले तर तिच्यावर काही ठेवू नका. सी५ त्याहून तातडीचा: हे सेक्टर आत्ता वाचता येत नाहीत, म्हणजे त्यातला मजकूर या क्षणी अडकलेला आहे. त्याच जागेवर पुन्हा लिहिलं गेलं की सेक्टर एकतर सुधारतो किंवा ०५मध्ये जमा होतो. सी६ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले सेक्टर. सी७ मात्र बहुतेक वेळा डिस्कचा दोष नसतो. तो डेटा केबलमधल्या चुकांचा आकडा आहे आणि कधीच कमी होत नाही. डेस्कटॉपमध्ये साटा केबल बदला, आकडा लिहून ठेवा. पुढे वाढला नाही तर विषय संपला. एवढ्यासाठी नवी डिस्क घेऊ नका. सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ समोरचे अवाढव्य आकडे पाहूनही घाबरू नका, त्यांची मोजण्याची पद्धतच तशी आहे.

दुरुस्तीला नेल्यावर ‘भिया, विंडोज नई डाल देते हैं’ हे इंदुरात हमखास ऐकायला मिळतं. पिवळ्या डिस्कवर हा उपाय काही दिवस चालतोही, आणि फसगत तिथेच होते. नवी विंडोज चांगल्या सेक्टरवर जाऊन बसते, पूर्ण फॉरमॅट केला असेल तर सी५ शून्यावर येतो आणि रंगसुद्धा कधीकधी निळा होतो. डिस्क मात्र तीच असते, आणि जुने फोटो, टॅलीचा डेटा पुसला गेलेला असतो. म्हणून डिस्क कोणाच्या हाती देण्याआधी तक्त्याचा फोटो काढून ठेवा. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये किंवा आणखी कुठे जुनी डिस्क घेत असाल तर हाच पेनड्राइव्ह खिशात न्या आणि पॉवर ऑन अवर्स बघा. ‘कमी वापरलेली’ म्हणून दिलेल्या डिस्कवर २५,००० तास निघाले तर ती जवळजवळ तीन वर्षं अखंड चाललेली आहे.

या प्रोग्रॅमची उणीव सांगायलाच हवी. तो डिस्कची चाचणी घेत नाही, डिस्कने नोंदवलेलं फक्त वाचून दाखवतो. गूगलने २००७मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कवर स्मार्टच्या चार मुख्य इशाऱ्यांपैकी एकही आलेला नव्हता. तेव्हा निळा रंग दिसला तरी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये डिस्क बघा. अ‍ॅक्टिव्ह टाइम १०० टक्के आणि वाचण्याचा वेग सेकंदाला काहीशे केबी, असं बराच वेळ राहिलं तर संशय डिस्कवर किंवा केबलवर. वेग भरपूर आहे आणि कुठलीतरी अनोळखी प्रोसेस सतत वाचते-लिहिते आहे, तर संशय मालवेअरवर, म्हणजे व्हायरससारख्या घातक प्रोग्रॅमवर. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टम नोंदींत ‘डिस्क’ या नावाने ७ क्रमांकाची नोंद म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे वाचणं-लिहिणं पुन्हा करावं लागलं. काही स्वस्त यूएसबी केसिंग स्मार्टची माहिती पुढे पाठवतच नाहीत. अशी डिस्क शक्य असेल तर थेट साटाला जोडून तपासा.

पिवळा किंवा लाल दिसला तर डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइली एकत्र लावणं) नको, आणि विंडोजच्या चेकडिस्कचा प्रत्येक सेक्टर तपासणारा ‘आर’ पर्याय तर मुळीच नको. चेकडिस्क फाइल सिस्टम सावरते, तुमच्या फाइली वाचवणं हे तिचं काम नाही. आधी पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टी काढा: फोटो, कागदपत्रं, हिशेब. इंटरनेट तोडूनच ठेवा. मालवेअरचीही शंका असेल तर विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी सिस्टम असलेल्या पेनड्राइव्हवरून कम्प्युटर सुरू करून कॉपी करा आणि सेटअपच्या फाइली सोबत घेऊ नका. सी५ मोठा असेल तर फाइली एकेक ओढत बसण्यापेक्षा लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू चांगला. तो आधी सहज वाचता येणारा भाग तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर उतरवतो, अवघड जागा शेवटी ठेवतो आणि कुठवर आलो याची नोंद फाइलमध्ये ठेवतो. टक-टक आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका. वीज बंद करा. पुढचं काम डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेचं. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा जुना सल्ला ओलावा आत नेतो. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच शोधून ठेवा.

डेटा सुरक्षित झाला आणि डिस्क ठणठणीत निघाली, किंवा बदलून झाली, की व्हायरसकडे वळा. वेगळा अँटिव्हायरस विकत घ्यायची गरज नाही. विंडोज सिक्युरिटीतल्या स्कॅन ऑप्शन्समध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन आहे. कम्प्युटर रीस्टार्ट होतो, विंडोज सुरू होण्याआधी साधारण १५ मिनिटांत तपासणी होते, आणि निकाल प्रोटेक्शन हिस्ट्रीत दिसतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘तुमचा पीसी संक्रमित आहे’ असं सतत येत असेल तर ती बहुधा ब्राउझरमध्ये कुठल्यातरी साइटला दिलेली नोटिफिकेशनची परवानगी असते, तिथूनच काढा. इंदूरच्या भंवरकुआंसारख्या कोचिंगच्या भागात प्रिंट काढून आणलेल्या पेनड्राइव्हवर फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसले तर त्यांवर क्लिक करू नका. खऱ्या फाइली बहुतेक वेळा लपवलेल्या असतात, पुसलेल्या नाहीत.

नव्या डिस्कवर हाच प्रोग्रॅम रीतसर बसवून फंक्शन मेनूत रेसिडेंट आणि स्टार्टअप या दोन्हींवर खूण करा. तापमान खालच्या पट्टीत दिसत राहतं आणि तब्येत पिवळ्यावर गेली की सूचना येते. जुन्या डिस्कचा सीरियल नंबरही त्याच खिडकीत आहे. तो कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी शिल्लक आहे का ते बघा.