प्रोमो म्हणून विकलेली किटची गाडी

१९६३च्या शेवरोले इम्पालाची छोटी प्रतिकृती, हार्डटॉप (न उघडणाऱ्या टपाची), लाल रंग, १/२५ प्रमाण. जाहिरातीत लिहिलं होतं, 'शोरूममधली मूळ प्रोमो, खोक्यासकट, बॉडीला कुठेही बाक नाही.' प्रोमो म्हणजे मोटार कंपनीने डीलरसाठी बनवून घेतलेली प्रतिकृती. किंमत ४२५ डॉलर. फोटो सहा, सगळे पुढच्या कोपऱ्यातून किंवा वरून काढलेले. मिशिगनमधल्या एका मराठी संग्राहकाने पैसे पाठवले, गाडी आठवडाभरात हातात आली, काचेच्या कपाटात उभीही राहिली. पुढे धूळ काढायला म्हणून खालचे स्क्रू सोडवले आणि बॉडी चासीपासून (खालच्या सांगाड्यापासून) वेगळी केली, तेव्हा टपाची आतली बाजू पांढरीशुभ्र निघाली. ती प्रोमो नव्हती. घरी जोडायच्या किटची बॉडी रंगवून एका खऱ्या प्रोमोच्या चासीवर बसवली होती.

ही फसवणूक एकट्यादुकट्याची नाही. याच पद्धतीने ती पुन्हा पुन्हा होते, म्हणून ती कशी जमवतात आणि कुठे पकडता येते ते सविस्तर लिहीत आहोत.

आधी प्रोमो म्हणजे काय ते नेमकं कळायला हवं. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर मोटार कंपन्या दरवर्षीच्या नव्या मॉडेलच्या छोट्या प्रतिकृती बनवून घ्यायच्या आणि त्या डीलरकडे पोचायच्या. गिऱ्हाइकाला रंग दाखवायला, खरेदी ठरली की त्याच्या मुलाच्या हातात द्यायला, काउंटरवर मांडायला. मिशिगनमधल्या ट्रॉयची एएमटी, डेट्रॉइटची जो-हान, मिलवॉकीची पीएमसी आणि १९६३ साली सुरू झालेली एमपीसी ही यातली मोठी नावं. त्याआधी शिकागोच्या नॅशनल प्रॉडक्ट्स आणि बॅनथ्रिको या कंपन्या धातूच्या ओतीव गाड्या करत. बॅनथ्रिकोच्या गाड्यांना पैसे टाकायची फट असे. प्लॅस्टिकच्या प्रोमो मात्र कारखान्यातच जोडून यायच्या. बॉनेट बॉडीतच ओतलेलं, इंजिन नाही, चासी एका तुकड्याची, लोखंडी आस आणि खालून स्क्रू.

फसवणुकीचं मूळ पुढच्या गोष्टीत आहे. १९५८पासून एएमटीने 'थ्री-इन-वन', म्हणजे एकाच गाडीला तीन प्रकारे जोडता येणारे, वार्षिक किट बाजारात आणले. डीलरसाठी साचे तयार होतेच, त्यांच्यावरच बेतून हे किट निघाले. म्हणून किटची बॉडी आणि प्रोमोची बॉडी मापाला, रेषेला सारखी असते. किट लाखोंनी विकले गेले आणि काही गाड्यांचे किट पुढे अनेकदा पुन्हा निघाले. १९६३च्या इम्पालाचा किट आजही सहज मिळतो. धड प्रोमो मिळत नाही, कारण ती खेळणं म्हणूनच घरी गेली आणि मुलांनी ती जमिनीवर मनसोक्त पळवली. मोडक्या प्रोमोच्या चासी मात्र डबाभर मिळतात. स्वस्त किट, स्वस्त चासी आणि दोन संध्याकाळचं काम एवढ्यावर 'मूळ प्रोमो' तयार होते.

ती जमवतात अशी. किटमध्ये बॉनेट सुटं असतं. ते बॉडीला चिकटवतात, फटीत पुट्टी भरतात, ४०० नंबरपासून २०००पर्यंतच्या पॉलिश पेपरने घासतात आणि वरून बॉनेटची रेघ सुईने पुन्हा कोरतात. किट बहुतेक वेळा पांढऱ्या प्लॅस्टिकचा असतो, तेव्हा लाल, फिरोजी, जे हवं ते स्प्रेने मारतात, मग रबिंग कंपाउंड लावतात म्हणजे रंगाचा ताजेपणा मरतो आणि ओतीव प्लॅस्टिकसारखी मऊ चकाकी येते. काचा आणि सीट किटमधलीच चालतात. चाकं, आस आणि चासी खऱ्या प्रोमोची घेतात. आसाला गंज असतो, खाली कंपनीचं नाव ओतलेलं असतं, आणि नवखा माणूस नेमकं तेवढंच उलटून पाहतो.

लाल इम्पाला पकडली गेली ती तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे रंग. साठच्या दशकातल्या प्रोमोत रंग प्लॅस्टिकमध्येच मिसळलेला असतो, त्यामुळे टपाच्या आत, मडगार्डच्या आत, स्क्रू ज्यात बसतो त्या खांबाच्या भोकातसुद्धा तोच रंग दिसतो. इथे खांब पांढरे होते आणि मडगार्डच्या आतल्या कडेला स्प्रेचा धुरकट पट्टा थांबलेला होता. दुसरं, बॉनेटच्या खालून बोट फिरवलं तर सांधा लागत होता. वरून कितीही घासलं तरी खालून पुट्टी सपाट करायला कोणी बसत नाही, आणि टॉर्च तिरका धरला की ती वेगळ्या पोताची रेघ म्हणून उठून दिसते. तिसरं, चिन्हं. पुढच्या मडगार्डवरची आणि डिकीवरची बारीक अक्षरं रंगाच्या थराखाली भरून गेली होती. दहापट भिंगातून खऱ्या प्रोमोवर अक्षरांच्या कडा धारदार दिसतात, इथे त्या गोलसर झालेल्या होत्या.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पांढरं आतलं अंग म्हणजे प्रत्येक वेळी खोटेपणाच असं नाही. पन्नासच्या दशकातल्या काही प्रोमो कारखान्यातच रंगवल्या जात, दुरंगी तर हमखास. त्या वेळी पाहायचं ते रंगाच्या सीमेकडे. कारखान्यात धातूचा मुखवटा लावून रंग मारत, म्हणून दोन रंगांची हद्द साच्यातल्या रेषेला धरून जाते आणि आतल्या बाजूला थोडासा फवारा उडालेला असतो. घरी चिकटपट्टी लावून मारलेल्या रंगाला कडेला बारीक उंचवटा येतो. नखाला तो लागतो.

'बॉडीला बाक नाही' या वाक्याने या व्यवहारात सगळ्यात जास्त काम केलं, म्हणून त्याबद्दल थोडं विस्ताराने. पन्नाशीतल्या बऱ्याच प्रोमो सेल्युलोज ॲसिटेटच्या आहेत. या प्लॅस्टिकमधलं मऊपणा देणारं द्रव्य वर्षानुवर्षं उडून जातं, प्लॅस्टिक आकसतं, टप मध्ये खचतो, बंपर चढतात, चासी केळ्यासारखी वळते. १९६०-६१च्या सुमारास कारखाने पॉलिस्टायरीनकडे वळले आणि हा रोग थांबला. म्हणजे १९६३च्या गाडीला बाक नसणं ही काही खासियत नाही, उष्णतेजवळ ठेवली नसेल तर ती सरळच असणार. विक्रेता हे माहीत असूनही मोठ्या अक्षरांत लिहितो, कारण संग्राहकाच्या मनात 'बाक नाही म्हणजे दुर्मीळ' हे समीकरण पक्कं बसलेलं असतं.

उलट बाजूने, १९५३-५४ची ॲसिटेटची गाडी कोणी 'एकदम सरळ' म्हणून विकत असेल तर तिथे दुप्पट सावध राहा. अशा गाड्या आहेत, पण फार थोड्या. बाजूने, चाकांच्या उंचीवर कॅमेरा ठेवून काढलेला फोटो मागा आणि दाराखालच्या पट्टीला स्टीलची फुटपट्टी लावून दुसरा. कोपऱ्यातून काढलेल्या फोटोत तीन-चार मिलिमीटरचा बाक अजिबात दिसत नाही, बाजूने दिसतो. काही जण गरम पाण्यात बॉडी मऊ करून, लाकडी ठोकळ्यावर दाबून सरळ करतात. ती फोटोपुरती सरळ दिसते, पण आकसलेलं प्लॅस्टिक पुन्हा वाढत नाही. खूण अशी की बॉडी आणि चासीच्या लांबीचा मेळ बसत नाही, मागचा स्क्रू तिरका गेलेला असतो किंवा भोक कानशीने लांबवलेलं असतं. आणि ॲसिटेटचा वास ओळखा. जुनं ॲसिटेट मोडायला लागलं की सिरक्याचा आंबट दर्प येतो, खोकं उघडताक्षणी नाकाला लागतो. हा दर्प मूळ असल्याचं चिन्ह आहे, पण गाडी आतून मरत असल्याचंही. तिला हवाबंद डब्यात कोंडू नये, त्याने ऱ्हासाचा वेग वाढतो.

पन्नाशीतल्या गाड्यांची आणखी एक नक्कल म्हणजे रेझिनची. खऱ्या गाडीवरून सिलिकॉनचा साचा काढून त्यात पॉलीयुरेथेन ओततात. प्रतिकृती म्हणून सांगून विकली तर त्यात काही गैर नाही, चांगले कारागीर ते उघडपणे करतात. तीच गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाताला गेली की 'मूळ' होते. रेझिनची बॉडी जाड असते. काचेच्या चौकटीचे खांब पाहा, मूळ गाडीत ते नाजूक असतात. आतल्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे हवेचे बुडबुडे दिसतात आणि साच्यातून बॉडी बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे नसतात. इंजेक्शनने ओतलेल्या बॉडीत ते कुठेतरी असतातच. तुटका कपचा हाताशी असेल तर मिठाचं दाट पाणी करा, त्यात पॉलिस्टायरीन आणि रेझिन तरंगतात, ॲसिटेट बुडतं. अख्खी गाडी पाण्यात घालू नका, आस गंजतो.

चाकांजवळही पाहावं. मऊ व्हिनाइलच्या टायरमधलं द्रव्य पॉलिस्टायरीनला खातं, म्हणून वर्षानुवर्षं टायर जिथे टेकला तिथे प्लॅस्टिक वितळल्यासारखा डाग पडतो. अशी झीज जिथे असायला हवी तिथे नसेल, किंवा टायर जिथे पोचतच नाही तिथे डाग असेल, तर भाग अदलाबदल केलेले आहेत. क्रोम पुन्हा चढवलेलं असेल तर ते जास्त लखलखतं आणि ग्रिलच्या दांड्यांमधल्या खाचा बुजलेल्या दिसतात.

खोक्याने तर अनेकांचे डोळे दिपतात. प्रोमोची खोकी साध्या पुठ्ठ्याची, आणि कडेच्या झाकणीवर गाडीचा प्रकार व रंगाचं नाव छापलेलं किंवा शिक्का मारलेलं. या इम्पालाचं खोकं अस्सल होतं, पण झाकणीवर शिक्का होता कन्व्हर्टिबलचा, म्हणजे उघडणाऱ्या टपाच्या गाडीचा. विक्रेत्याने फोटोत ती बाजू मागे ठेवली होती. नवीन छापलेली खोकीही फिरतात. भिंगातून पाहा, इंकजेटचे रंगीत ठिपके किंवा लेझर टोनरची चमक दिसली तर प्रश्न मिटला. अल्ट्राव्हायोलेट दिव्यावर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नका. कागद उजळ करणारी रसायनं पन्नाशीतच वापरात आली होती, तेव्हा साठच्या दशकातलं खरं खोकंही निळं चमकू शकतं.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून हे मागून घ्या: चासी काढून टपाच्या आतला फोटो, बॉनेटच्या खालचा फोटो, खोक्याच्या दोन्ही झाकण्या, आणि गाडीच्या चाकाखाली आजची तारीख व तुमचं नाव हाताने लिहिलेला कागद ठेवून काढलेला एक फोटो. तारखेच्या कागदाने चोरलेले फोटो बाहेर पडतात. हल्ली एआयने बनवलेले फोटोही येतात. नंबर प्लेट आणि चासीवरची अक्षरं मोठी करून वाचा, बनावट चित्रात ती बऱ्याचदा अर्धवट असतात. 'स्क्रू सोडवले तर किंमत जाईल' असं उत्तर आलं तर व्यवहार तिथेच सोडा. जपून सोडवलेल्या स्क्रूने प्रोमोची किंमत जात नाही. जुन्या प्लॅस्टिकच्या खांबांना तडा जाऊ नये म्हणून स्क्रू आधी पाव फेरा उलटा फिरवून, धागा जुन्या खाचेत बसल्याचं जाणवल्यावरच घट्ट करायचा असतो, एवढंच.

या प्रकरणात पैसे गेले ते पेपालच्या 'फ्रेंड्स अँड फॅमिली' मार्गाने. विक्रेत्याने 'फी वाचेल, १५ डॉलर कमी करतो' असं सांगितलं होतं. त्या मार्गाला खरेदीदाराचं संरक्षण लागू होत नाही, त्यामुळे तक्रार उभीच राहिली नाही. झेल या बँक खात्यातून थेट पैसे पाठवायच्या सेवेने पाठवलेले पैसेही सहसा परत मागता येत नाहीत. पेपालच्याच 'गुड्स अँड सर्व्हिसेस' मार्गाने दिले असते तर १८० दिवसांत वाद नोंदवता आला असता. ईबेवर वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर ३० दिवसांत दावा करावा लागतो, म्हणून गाडी आल्या दिवशीच उघडा, कपाटात नेऊन ठेवू नका. क्रेडिट कार्डाने दिले असतील तर बँकेकडे चार्जबॅकचाही, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत मागण्याचाही, मार्ग राहतो.

अमेरिकेतून पुण्या-मुंबईकडे मागवणाऱ्यांनी आणखी एका आमिषापासून दूर राहावं. विक्रेता म्हणतो, 'कस्टम वाचवायला पार्सलवर भेटवस्तू, २० डॉलर असं लिहितो.' पार्सल हरवलं किंवा फुटलं तर विम्याची भरपाईही त्या लिहिलेल्या २० डॉलरांच्या हिशेबानेच होते, आणि कस्टममध्ये खोटी किंमत पकडली गेली तर भुर्दंड घेणाऱ्यावर येतो. पूर्ण किंमत लिहायला लावा, ड्यूटी धरून परवडत असेल तरच घ्या.

फसवणूक झालीच असेल तर जाहिरातीचं पान, संदेश, पैसे गेल्याची पावती यांच्या प्रती त्याच दिवशी काढून ठेवा, कारण जाहिरात लगेच उडवली जाते. अमेरिकेत एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रारींच्या संकेतस्थळावर तक्रार करा, पार्सल टपालाने आलं असेल तर टपाल खात्याच्या तपास विभागाकडेही. भारतातून पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन करा, पहिल्या काही तासांत रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त असते. विक्रेता 'गाडी परत पाठवा, मग पैसे देतो' म्हणाला तर ती ट्रॅकिंगशिवाय पाठवू नका. पाठवण्याआधी बॉडीच्या आतले, बॉनेटखालच्या सांध्याचे आणि झाकणीवरच्या शिक्क्याचे फोटो काढून घ्या, आणि पार्सल बांधताना सलग व्हिडिओ करा.