चार वर्षं लीजवरची नेक्सॉन, आणि ती परत करतानाचा अनुभव

ऑफिसच्या योजनेतून ४८ महिन्यांच्या लीजवर घेतलेली टाटा नेक्सॉन मी नोव्हेंबर २०२५ मध्ये परत केली. गाडीबद्दल माझी तक्रार नाही. नेक्सॉन चढाला कशी ओढते, ॲव्हरेज किती देते, यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. लीज संपताना काय होतं, हे मात्र माझ्या ओळखीत कोणीच धड सांगू शकलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. ओरखडे आणि पोचे यांची लोक जेवढी धास्ती घेतात, तेवढं त्यात काही नाही. खरं काम कागदांचं आहे. गाडी दारातून गेली, तरी आरसीवर तुमचं नाव आहे तोवर जबाबदारी तुमच्या गळ्यात.

आधी रचना समजून घ्या. लीज कंपनी गाडी विकत घेते, चार वर्षांनी ती कितीला विकली जाईल याचा अंदाज बांधते आणि मधला फरक तुमच्याकडून भाड्याच्या रूपाने वसूल करते. समजा, गाडी त्यांना १० लाखांना पडली आणि शेवटची किंमत ४ लाख धरली, तर ६ लाखांचा घसारा ४८ महिन्यांवर पसरतो, म्हणजे महिन्याला साडेबारा हजार. त्यावर अडकलेल्या पैशाचं व्याज, वर जीएसटी, आणि सर्व्हिसिंग व विमा पॅकेजमध्ये असेल तर तोही. भाड्याचा आकडा ऐकून लगेच महाग-स्वस्त ठरवू नका. शेवटची किंमत किती धरली आहे ते विचारा, कारण ती जास्त धरली की भाडं आपोआप कमी दिसतं आणि पुढे गाडी ठेवून घ्यायची म्हटलं की तेवढाच मोठा आकडा समोर येतो.

नोकरदाराला यात गोडी आहे ती कराची. भाडं कर लागण्याआधीच पगारातून वळतं होतं. गाडी ऑफिसच्या आणि घरच्या अशा दोन्ही कामांना वापरत असाल आणि तिचा खर्च कंपनी करत असेल, तर माझ्या लीजच्या काळातल्या नियमाप्रमाणे १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिन्याला फक्त १,८०० रुपये उत्पन्नात धरले जायचे. मोठ्या इंजिनाला २,४००, आणि ड्रायव्हर असेल तर आणखी ९००. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याला हा फायदा मोठा आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, त्यामुळे पुढचे आकडे पगार विभागाकडून लेखी घ्या.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट आहे, आणि परतीच्या वेळचा सगळा गुंता तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे व्यक्तीच्या नावावरच्या १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर आहे. तीच गाडी कंपनीच्या नावावर नोंदवली तर २० टक्के. हा फरक शेवटी भाड्यातच येणार, म्हणून माझ्या योजनेत आरसी माझ्या नावाने निघाली आणि तिच्यावर लीज कंपनीची नोंद चढली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ मध्ये या नोंदीची तरतूद आहे. शिवाय कलम २(३०) प्रमाणे लीजवरच्या गाडीचा ‘मालक’ म्हणजे त्या कराराने ताबा ज्याच्याकडे आहे तो. पैसे लीज कंपनीचे, पण चलान, अपघात, कोर्टाची नोटीस हे सगळं तुमच्या नावावर. सही करायच्या आधी हे डोक्यात पक्कं बसवा.

मधली चार वर्षं सुखाची गेली. कोथरूड ते हिंजवडी रोजचं जाणं-येणं, गणपतीत कोकण, उन्हाळ्यात एखादी लांबची फेरी. सर्व्हिसिंगचं बिल पॅकेजमध्ये होतं, त्यामुळे तो विचारच करावा लागला नाही. किलोमीटरचा मात्र करावा लागतो. माझ्या करारात वर्षाला १५ हजारांची मर्यादा होती आणि ती एकूण कालावधीवर मोजायची होती, म्हणजे एका वर्षी कमी आणि दुसऱ्या वर्षी जास्त चाललं तरी चाले. काही करारांत दर वर्षाचा हिशोब वेगळा होतो, तेव्हा हे वाक्य शोधून वाचा. जास्त चालली तर दर किलोमीटरला पैसे लागतात, कमी चालली तर परत मिळत नाहीत. सुरुवातीला घरूनच काम चालू होतं आणि काटा हलतच नव्हता. करारात एकदा मर्यादा बदलायची सोय होती, ती २०२३ मध्ये वापरून मी १२ हजार करून घेतली आणि भाडं थोडं उतरलं. अशी सोय असेल तर तिची आठवण कंपनी स्वतःहून करून देत नाही, आपणच विचारावं लागतं.

नोकरी सोडण्याचं कलम हा या प्रकारातला सगळ्यात मोठा धोका आहे आणि त्यावर कोणी मोकळेपणाने बोलत नाही. मुदत संपायच्या आत राजीनामा दिलात तर तीनच वाटा उरतात: नव्या कंपनीने लीज पुढे चालवायला होकार द्यायचा, तुम्ही फोरक्लोजरची, म्हणजे लीज मुदतीआधी मिटवण्याची, रक्कम भरून गाडी घ्यायची, नाहीतर दंड भरून परत करायची. माझ्या टीममधल्या एकाला दुसऱ्याच वर्षी बंगळूरहून चांगली ऑफर आली. नव्या कंपनीत अशी योजनाच नव्हती आणि फोरक्लोजरचा आकडा बाजारातल्या जुन्या गाडीच्या किमतीहून बराच वर होता. सुरुवातीच्या काळात असंच होणार, कारण गाडीची किंमत पहिल्या वर्ष-दोन वर्षांत झपाट्याने उतरते आणि भाडं मात्र सरळ रेषेत फिटत असतं. कर वाचवून जे कमावलं ते सगळं त्याचं तिथे गेलं. दोन वर्षांत नोकरी बदलण्याचा विचार मनात असेल, तर माझ्या मते या वाटेला जाऊच नका.

मुदत संपायच्या तीन महिने आधी पत्र आलं: गाडी ठेवता, मुदत वाढवता, की परत करता? माझ्या मनात ठेवून घ्यायचं होतं. मग २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी उतरला. नेक्सॉनसारख्या चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्यांवर २८ टक्के आणि वर उपकर होता, तो थेट १८ टक्के झाला, आणि टाटाने नेक्सॉनच्या किमतीत १ लाख ५५ हजारांपर्यंत कपात जाहीर केली. नवी स्वस्त झाली की जुनी उतरणारच. त्यातून माझं मॉडेल २०२३ च्या फेसलिफ्टच्या आधीचं. जुन्या गाड्या घेणाऱ्या तीन ठिकाणांहून भाव काढले, तिन्ही भाव करारातल्या शेवटच्या किमतीच्या खाली. ती किंमत २०२१ मध्येच लिहिली गेली होती, त्यामुळे हा तोटा लीज कंपनीचा, माझा नाही. लीजचं भाडं आपण ज्यासाठी मोजतो त्यातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. उलट परिस्थिती असती, बाजारभाव वर असता, तर मी डोळे मिटून गाडी ठेवून घेतली असती. तुम्हीही हे भाव काढल्याशिवाय पत्राला उत्तर देऊ नका.

परत करायचं ठरल्यावर तयारी. कराराच्या मागे नेहमीची झीज कशाला म्हणायचं आणि नुकसान कशाला, याचा तक्ता होता. बॉनेटवरचे खड्यांचे टिपके, दाराच्या मुठीखालचे नखांचे ओरखडे, थोडी घासलेली सीट हे झिजेत येतं. रंग उडून पत्रा दिसतोय, काचेला तडा गेलाय, सीटला भोक पडलंय, दिवा फुटलाय, दुसरी चावी हरवली आहे, याचे पैसे लागतात. टायरचे खाच १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत उतरले की टायर कायद्यानेच बाद होतो, पण करारात त्याहून जास्त खोली मागितलेली असू शकते. गॅरेजमध्ये आधीच मोजून घ्या.

एक कळकळीचा सल्ला. परतीच्या तोंडावर स्वस्तात डेंटिंग-पेंटिंग करून घेऊ नका. तपासणीला येणाऱ्याकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र असतं, पुन्हा रंगवलेला भाग लगेच कळतो, आणि मग अपघाताची शंका येऊन साध्या ओरखड्याची गोष्ट भलतीकडे जाते. रंग न लावता पोचा आतून काढून देणारे कारागीर पुण्यात आहेत, छोट्या पोच्याला तो मार्ग चांगला. विम्याचा दावा करायचा मोहही आवरावा, कारण चार वर्षं दावा नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, ४५ टक्क्यांवर पोचलेला असतो आणि एका दाव्याने तो शून्यावर येतो. हा बोनस गाडीचा नसतो, विमाधारकाचा असतो. पॉलिसी तुमच्या नावावर असेल तर विमा कंपनीकडून तसं पत्र मागून घ्या, पुढच्या गाडीला लागू होतं. मी घेतलं.

तपासणीला आलेले काका शांत आणि नीट काम करणारे होते. सकाळी सोसायटीच्या अंगणात, भर उजेडात गाडी दाखवली. आदल्या दिवशी धुऊन ठेवली होती, आणि चारही बाजू, छत, आतला भाग, काट्यावरचे किलोमीटर असा सलग व्हिडिओ मी आधीच काढला होता. त्यांनी स्कॅनर लावला, एसी तपासला, स्टेपनी, जॅक, पाना, सर्व्हिसचं पुस्तक, दोन्ही चाव्या मोजून घेतल्या. अहवालात मागच्या बंपरचा कोपरा आणि एका अलॉयवरची घासण यांचे पैसे लावले होते, ते मला मान्य होते. डिकीच्या दारावरचा एक पोचा मात्र गाडी ताब्यात घेतली त्या दिवशीच्या फोटोत दिसत होता. फोटो तारखेसकट पाठवला, ती रक्कम वगळली गेली. गाडी हातात येते त्या दिवशी पेढे वाटण्याआधी फोटो काढा आणि स्वतःलाच ईमेल करून ठेवा.

आता कागद. लीज कंपनीच्या प्रतिनिधीने गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि ३० कोरे पुढे केले. “साहेब, फक्त सह्या करा, खरेदीदार लिलावात ठरेल, पुढचं आमचा माणूस बघेल.” ही पद्धत सर्रास चालते आणि ती धोक्याची आहे. कलम ५० प्रमाणे त्याच राज्यात गाडी हस्तांतर झाली की देणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. तारीख नसलेल्या कोऱ्या फॉर्मवर सही केली की ही कळवण्याची किल्ली तुम्ही परक्याच्या हातात दिलीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट सांगितलं आहे की, गाडी हातोहात विकली गेली असली तरी आरसीवर ज्याचं नाव कायम आहे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच.

म्हणून मी ताबा देण्याचं पत्र मागितलं: तारीख, वेळ, काट्यावरचे किलोमीटर, घेणाऱ्याचं नाव आणि कंपनीचा शिक्का. त्यातच एक ओळ घालून घेतली की या क्षणानंतरचे दंड, टोल आणि दावे कंपनीचे. फॉर्मवर सही केली ती तारीख घालून, त्याच पत्राचा उल्लेख करून. आरसीवरची लीजची नोंद उतरवायचा फॉर्म ३५ कंपनीच्या सहीने त्याच वेळी घेतला. गाडी अधिकृत परवाना असलेल्या डीलरकडे जाणार असेल तर आणखी चांगली सोय आहे. एप्रिल २०२३ पासून फॉर्म २९-सी ऑनलाइन भरून ताबा डीलरकडे गेल्याची नोंद पोर्टलवर करता येते आणि तिथून पुढे जबाबदारी त्याच्यावर जाते. माझ्या वेळी गाडी थेट लिलावाला गेली, त्यामुळे तो मार्ग मिळाला नाही.

फास्टॅग त्याच दिवशी बंद केला. तो गाडीच्या क्रमांकाला जोडलेला असतो, तसाच राहिला तर पुढच्या माणसाच्या टोलचे पैसे तुमच्या खात्यातून जाऊ शकतात, आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर एका बाजूलाच ३२० रुपये लागतात. ऑगस्टमध्ये राष्ट्रीय महामार्गांसाठी ३,००० रुपयांचा वार्षिक पास सुरू झाला तेव्हा तो घ्यायचा मोह झाला होता, पण पास दुसऱ्या गाडीवर नेता येत नाही, म्हणून नवी गाडी येईपर्यंत थांबलो. ब्लूटूथमधले फोन नंबर, नकाशातला घरचा पत्ता, मोबाइल ॲपची जोडणी हेही पुसून टाका. आरसीला जोडलेला तुमचा मोबाइल नंबर मात्र नाव बदलेपर्यंत चालू ठेवा.

डिसेंबरात त्याच नंबरवर वेगमर्यादेच्या चलानाचा मेसेज आला. गाडी तेव्हा माझ्याकडे नव्हतीच. ताबा दिल्याचं पत्र आणि चलानाची तारीख जोडून लीज कंपनीला ईमेल केला. दोनदा फोन करावा लागला, पण त्यांनी दंड भरला. ते पत्र नसतं तर मी काय दाखवणार होतो? जानेवारीअखेर एमपरिवहन ॲपमध्ये मालकाचं नाव बदललेलं दिसलं. अनामत रक्कम त्यानंतर आली, बंपर आणि अलॉयचे पैसे वळते करून.

पुढची गाडी पुन्हा लीजवरच घेतोय, कारण नोकरी स्थिर आहे आणि वर्षाला १२ हजारांच्या वर माझं चालत नाही. या वेळी करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागितल्या आहेत: शेवटची किंमत, नोकरी सोडल्यास दर सहा महिन्यांनी किती भरावं लागेल याचा तक्ता, आणि गाडी परत दिल्यावर किती दिवसांत आरसीवरून माझं नाव उतरेल याची मुदत. पहिल्या दोन लगेच मिळाल्या. तिसरीसाठी त्यांच्या कायदा विभागाशी बोलणं चालू आहे, आणि ती मिळाल्याशिवाय मी सही करणार नाही.