साडेसहा हजारांचा 'अंदमान परक्युला'

मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याची माशांची टाकी ठेवणाऱ्यांनी क्लाउनफिशची (सिनेमातल्या 'निमो'ची) जोडी घेण्याआधी हे वाचा. मला साडेसहा हजार मोजल्यावर अक्कल आली.

व्हॉट्सॲपवर एका विक्रेत्याने जोडीचा फोटो टाकला होता. पांढऱ्या पट्ट्यांना जाड काळी किनार, नारिंगी रंग असा की नजर हटेना. खाली 'वाइल्ड परक्युला, अंदमान', म्हणजे थेट समुद्रातून पकडलेला. मी विचारलं, "ऑसेलॅरिस नाही ना?" उत्तर आलं, "दादा, गॅरंटी." परक्युला आणि ऑसेलॅरिस या क्लाउनफिशच्या दोन जाती, दिसायला जुळे भाऊच. पण ऑसेलॅरिस स्वस्तात मिळतो आणि परक्युलाला भाव असतो. मी सगळे पैसे आगाऊ पाठवले.

पार्सल आलं. काळी किनार पेन्सिलीने ओढल्याएवढीच. तो म्हणाला, "वयाप्रमाणे काळं वाढतं." हे अर्धवट खरं आहे, म्हणूनच तर मी महिनाभर गप्प बसलो.

मग एकदा खाणं टाकताना माशाने पाठीवरचा पर उभारला आणि नेमका फोटो मिळाला. त्यातले काटे मोजले, अकरा. बायकोलाही मोजायला लावले. अकराच. परक्युलाला बहुधा दहा असतात, ऑसेलॅरिसला अकरा. शिवाय परक्युलाच्या डोळ्यात झगझगीत नारिंगी कडं असतं, त्यामुळे डोळा बारीक वाटतो. माझ्या माशांचे डोळे करडट आणि टपोरे.

खरं तर एवढ्या मोजदादीची गरजच नव्हती. परक्युला राहतो तो उत्तर क्वीन्सलँड, न्यू गिनी, सॉलोमन बेटं, वानुआटू इकडच्या प्रवाळांवर, ॲनिमोन या फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याच्या आसऱ्याला. अंदमानच्या समुद्रात सापडतो तो ऑसेलॅरिस. म्हणजे लबाडी फोटोखालीच लिहिलेली होती, आणि मला त्या 'अंदमान'चंच कौतुक! हॅचरीत पैदास केलेला परक्युला आपल्याकडे मिळू शकतो, पण मग तो 'वाइल्ड' कसला?

हे सगळं मी विक्रेत्याला लिहून पाठवलं. उत्तर आलं, "निमोच आहे ना दादा?" आणि लगेच ब्लॉक.

आता मी पैसे देण्याआधी त्याच माशाचा व्हिडिओ मागतो, टाकीच्या काचेवर माझं नाव आणि तारखेची चिठ्ठी चिकटवून. ज्याच्याकडे मासा खरंच असतो तो कुरकुरत का होईना, पाठवतो.

मासे मजेत आहेत, त्यांचा काय दोष. गेल्या आठवड्यात मित्राच्या फोनवर तोच फोटो पुन्हा दिसला. आता खाली 'लक्षद्वीप परक्युला' लिहिलंय. सात हजार.