चार्ट.जेएस : आलेखात लाख-कोटी दाखवताना

वेब ॲप्लिकेशनच्या डॅशबोर्डवर विक्रीचे, हजेरीचे किंवा पावसाचे आकडे आलेखात दाखवायचे असतील आणि वेळ बेताचा असेल, तर मी प्रथम चार्ट.जेएसचाच विचार करतो. २०१३ मध्ये सुरू झालेली आणि एमआयटी परवान्याखाली मोफत मिळणारी ही जावास्क्रिप्ट लायब्ररी (म्हणजे तयार कोडचा संच) रेषा, स्तंभ, पाय (वर्तुळाचे भाग दाखवणारा), रडार असे नेहमीचे प्रकार तयार देते. एक कॅनव्हास (वेब पानावरील चित्र काढण्याची चौकट), लेबलांची यादी आणि आकड्यांची यादी एवढ्यावर पहिला आलेख उभा राहतो. तो नीटनेटका असतो, परंतु लायब्ररीचा कस लागतो तो त्यात आपल्याला हवे तसे बदल करताना.

मराठी वापरकर्त्यांसाठी पहिला बदल अक्षावरील आकड्यांचा असतो. काही सांगितले नाही तर हे आकडे ब्राउझरच्या भाषेनुसार छापले जातात, त्यामुळे ब्राउझर अमेरिकन इंग्रजीत असल्यास बारा लाखांचे स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर पडतात आणि आपल्याकडच्या वाचकाला शून्ये मोजत बसावे लागते. ‘लोकेल’ या पर्यायात भारतातील मराठीचा संकेत दिला की तोच आकडा १२,००,००० असा देवनागरी अंकांत दिसू लागतो, कारण आकड्यांची मांडणी ही लायब्ररी ब्राउझरच्याच आंतरराष्ट्रीयीकरणाच्या सोयीवर सोपवते. ‘१२ लाख’ असे शब्दांत हवे असेल, तर टिक्सच्या (अक्षावरील खुणांच्या) कॉलबॅकमध्ये, म्हणजे प्रत्येक आकडा छापताना लायब्ररी बोलावते त्या जागी, एक लाखाने भागून पुढे शब्द जोडणारे छोटे फंक्शन पुरते. टूलटिपचा, म्हणजे बिंदूवर माउस नेल्यावर दिसणाऱ्या चौकटीचा, मजकूर मात्र स्वतंत्र कॉलबॅकमधून येत असल्याने तेच फंक्शन तिथेही द्यावे लागते, नाहीतर अक्षावर लाख आणि टूलटिपमध्ये सगळी शून्ये अशी विसंगती राहते.

अक्षरांचा मूळ आकार १२ पिक्सेल आणि रंग करडा आहे. देवनागरीतील रफार आणि जोडाक्षरे एवढ्या आकारात दाटतात, म्हणून डीफॉल्ट्समध्येच (सर्व आलेखांना लागू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) आकार १४ आणि रंग गडद करून टाकणे मला आवश्यक वाटते. वेब फॉन्ट वापरत असल्यास तो पूर्ण लोड झाल्यावरच आलेख काढावा, कारण कॅनव्हासवर उमटलेला मजकूर पानावरील इतर मजकुराप्रमाणे मागाहून आपोआप नव्या फॉन्टमध्ये बदलत नाही.

२०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून लायब्ररीचे लागतील तेवढेच भाग नोंदवून बंडल (ब्राउझरला पाठवायची कोडची फाइल) लहान ठेवता येते. रेषा आलेखात हजारो बिंदू असतील, तर डेसिमेशन हे प्लगइन (जोड-सुविधा) रेषेचे वळण राखून बिंदू कमी करते. काळाच्या अक्षासाठी वेगळा डेट अडॅप्टर (तारखा हाताळणारा जोड-कोड) जोडावा लागतो. रिॲक्ट या वेब पाने बांधण्याच्या लायब्ररीत कंपोनंट (पानाचा सुटा भाग) काढून टाकताना आलेखावर डिस्ट्रॉय ही आलेख मोडीत काढणारी आज्ञा चालवणे विसरू नये.

उणिवा आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. जिल्हानिहाय नकाशा हवा असेल, तर तो मूळ लायब्ररीत नाही. त्यासाठी अपाचे ईचार्ट्स किंवा डी३ या दुसऱ्या लायब्रऱ्यांकडे वळणे बरे. त्याहून गंभीर बाब म्हणजे कॅनव्हासमधील चित्र स्क्रीन रीडरला (अंध वापरकर्त्यांना पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) वाचता येत नाही. सार्वजनिक सेवेच्या संकेतस्थळावर ही लायब्ररी वापरणाऱ्यांनी प्रत्येक आलेखाला वर्णन द्यावे आणि त्याच आकड्यांचा साधा तक्ताही खाली ठेवावा. तेवढे काम चार्ट.जेएस आपल्यासाठी करत नाही.